हायरम मॅक्झिमचें श्रेय

सर हायरम मॅक्झिम यानें आपल्या उतारवयांत, म्हणजे १९१५ सालीं, ‘माय लाइफ’ या नांवाचें आत्मचरित्र लंडन येथें प्रसिद्ध केलें. त्यांत एक तक्रार आहे. म्हातारपणीं त्यास श्वासनलिकेच्या दाहाचा विकार जडला. डॉक्टरांच्या उपायांनीं गुण येईना, तेव्हां त्यानें स्वतःच खटपट करून घशांत औषधी वाफ सोडणारी एक कांचेची नळी तयार केली. ती त्यास लागू पडली आणि पुढें बाजारांत पुष्कळ खपलीहि. परंतु त्याच्या शास्त्रज्ञ स्नेह्यांनीं नाक मुरडलें. एवढ्या मोठ्या माणसानें रस्त्यावरच्या औषधविक्याचा धंदा करावा हें त्यांस रुचलें नाहीं. यावर मॅक्झिम म्हणतो त्याचा आशय असा कीं, माणसें मारण्याचें यंत्र काढलें तेव्हां लोकांनीं मला श्रेय दिलें आणि दुखणेकऱ्यास आराम पडेल असें साधन काढलें तेव्हां माझी नाचक्की झाली.

आमच्या मतें त्या सबंध ग्रंथांत याइतका खरा आणि याइतका अपुरा विचार दुसरा नाहीं. खरा अशासाठीं कीं, ज्या समाजानें १९०१ सालीं त्यास ‘सर’ ही पदवी दिली त्यानें ती वाफेच्या नळीबद्दल कधींच दिली नसती. अपुरा अशासाठीं कीं, जगाचा न्याय उफराटा आहे हें कळूनहि त्या न्यायानें पदरांत पडलेलें माप मॅक्झिमनें निमूटपणें, नव्हे आनंदानें, घेतलें. त्या यंत्रानें मारलें कोणाला, हा प्रश्न त्यानें स्वतःस नेटानें विचारलेला दिसत नाहीं. त्याच्या नांवें जमेस काय धरावें आणि खर्चीं काय टाकावें, हा हिशेब म्हणूनच इतरांस करावा लागतो.

हा हिशेब करण्याचें आमचें प्रयोजन अगदीं घरगुती आहे. मुलांच्या हातीं थोर शोधकांचीं चरित्रें द्यावयाचीं, ही आपल्याकडील चाल चांगलीच आहे. वॅट, स्टीफन्सन, एडिसन यांच्या पंक्तीस मॅक्झिमचें पान मांडावें कीं नाहीं? आणि मांडलें तर त्यावर काय वाढावें? चरित्रकार बहुधा दोन सोप्या वाटांपैकीं एक धरतात. मृत्यूचा व्यापारी म्हणून त्यास दारांतूनच परत पाठवितात, नाहीं तर बुद्धीची करामत म्हणून त्याचें कौतुक करून त्या यंत्राच्या तोंडापुढें काय घडलें तें सांगण्याचें टाळतात. दोन्ही वाटांनीं मुलाच्या पदरांत अर्धेंच सत्य पडतें.

मॅक्झिमचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजीं अमेरिकेंतील मेन संस्थानांत सँगरव्हिल या खेडवळ गांवीं झाला. चौदाव्या वर्षीं तो एका गाड्या बनविणाऱ्याच्या हाताखालीं उमेदवार राहिला. शाळा त्याला थोडीच मिळाली. जें शिकला तें कानशी आणि हातोडा यांच्या संगतींत शिकला. पुढें तो दिव्यांच्या धंद्यांत पडला. आधीं गॅसचे आणि मग विजेचे दिवे त्यानें केले, आणि विजेच्या दिव्यांवरून एडिसनशीं त्याची स्पर्धा जुंपली. १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत्प्रदर्शनानंतर तो लंडनास आला व हॅटन गार्डन या भागांत त्यानें एक लहानसा कारखाना थाटला. दिवे सोडून तो बंदुकीकडे कां वळला याची एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. व्हिएन्ना येथें एका ओळखीच्या अमेरिकन गृहस्थानें त्यास म्हटलें कीं, पैसाच मिळवावयाचा असेल तर वीज आणि रसायन यांच्या नादीं न लागतां या युरोपियनांना एकमेकांचे गळे अधिक सोयीनें कापतां येतील असें कांहीं काढ. गोष्ट अक्षरशः घडली असो वा नसो, तींतील व्यवहारी कोरडेपणा मॅक्झिमला शोभण्यासारखा आहे खरा.

भराभर गोळ्या झाडणारीं यंत्रें त्याच्या पूर्वींहि होतीं. गॅटलिंगनें आपल्या अनेक नळ्यांच्या तोफेचें पेटंट १८६२ सालींच घेतलें होतें. गार्डनर आणि नॉर्डनफेल्ट यांचीं यंत्रेंहि सैन्यांतून वापरांत होतीं. परंतु हीं सारीं हातानें चालवावयाचीं. कोणी तरी दांडा फिरवावा किंवा मागेंपुढें ओढावा तेव्हां काडतूस आंत जावें, उडावें आणि रिकामें टरफल बाहेर पडावें. माणूस दमला कीं यंत्र दमे. माणूस घाबरून वेडावांकडा दांडा फिरवूं लागला कीं यंत्र अडे. मॅक्झिमनें या माणसासच मधून काढून टाकलें. बंदूक उडाली म्हणजे ती मागें धक्का देते. सॅव्हाना येथें लष्करी बंदूक झाडतांना आपला खांदा काळानिळा झाला, असें तो सांगतो. त्यापूर्वीं सहस्रावधि शिपायांचे खांदे दुखलेच होते. परंतु या धक्क्यांत शक्ति आहे, ती फुकट जात आहे आणि तीच पुढची गोळी भरूं शकेल, हा विचार तडीस नेणारा हाच पहिला.

१८८३ व १८८४ या दोन वर्षांत त्यानें तें साधलें. यंत्राची घडण थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. गोळी सुटतांच नळी आणि नळीचें बूड बंद करणारा ठोकळा हीं एकमेकांस जखडलेलीं अशीं थोडीशीं मागें सरकतात. माणसाचा गुडघा ताठ असतां पायावर पुष्कळ भार सोसतो, पण मागून जरासा धक्का लागला कीं चटकन् मुडपतो. तसाच एक लोखंडी गुडघा या ठोकळ्याच्या मागें बसविलेला आहे. नळी ठरलेलें अंतर मागें आली कीं गुडघा मुडपतो, ठोकळा सुटा होऊन आणखी मागें जातो, आणि जातां जातां नळींतलें रिकामें टरफल व पट्ट्यांतलें नवें काडतूस हीं दोन्ही बरोबर ओढून नेतो. तोंवर ताणलेली स्प्रिंग त्यास पुन्हां पुढें लोटते. नवें काडतूस नळींत बसतें, गुडघा ताठ होतो, आणि खटका दाबलेलाच असेल तर पुढची गोळी सुटते. हा सारा खेळ एका सेकंदांत सुमारें दहा वेळां चालतो. कापडी पट्ट्यांत अडीचशें काडतुसें ओंवलेलीं असतात. नळीभोंवतीं पाण्याचें वेष्टण असतें, कारण एवढ्या माऱ्यानें लोखंड भलतेंच तापतें. सतत झाडीत राहिल्यास कांहीं मिनिटांतच तें पाणी उकळूं लागतें.

या रचनेंत एकहि अवयव उगाच बसविलेला नाहीं, आणि जी शक्ति आजवर केवळ त्रासदायक होती तिलाच राबावयास लावलें आहे. उत्तम कारागिरी पाहून जो आनंद होतो तो येथें होतो हें आम्हीं नाकारीत नाहीं. तो आनंद लपविणारे टीकाकार आम्हांस ढोंगी वाटतात. परंतु दांडा फिरविणाऱ्या माणसाबरोबर आणखीहि कांहीं निघून गेलें. पूर्वीं एक माणूस मारण्यास दुसऱ्या माणसाला कांहीं तरी करावें लागे: नेम धरावा लागे, बंदूक भरावी लागे, निदान हात तरी फिरवावा लागे. प्रत्येक वेळीं क्षणभर थांबावें लागे, आणि त्या क्षणांत भीति, थकवा किंवा दया यांपैकीं कांहीं तरी शिरूं शके. आतां थांबावयाचें तर तेवढ्यासाठीं मुद्दाम बोट उचलावें लागतें. मॅक्झिमच्या कर्तृत्वाचें मर्म आम्हांस येथें दिसतें. शिपाई येथें लढवय्या राहत नाहीं. तो पट्टा सरळ जातो कीं नाहीं आणि पाणी संपलें कीं काय, एवढें पाहणारा कामगार होतो.

गॅटलिंगशीं तुलना केली तर मॅक्झिमचा एक गुण डोळ्यांत भरतो. गॅटलिंगनें १८७७ सालीं एका पत्रांत आपल्या शोधाचें समर्थन केलें. एक माणूस शंभरांचें काम करूं लागला तर सैन्यें लहान होतील आणि छावण्यांतल्या रोगराईनें मरणारे शिपाई वांचतील, असा त्याचा युक्तिवाद होता. तो प्रामाणिक असेलहि, परंतु पुढच्या इतिहासानें त्याची क्रूर थट्टा केली. शंभरांचें काम एक जण करूं लागला, आणि सैन्यें लाखांचीं झालीं. मॅक्झिमनें असा परोपकाराचा शेला आपल्या तोफेवर पांघरला नाहीं. हें सरळ बोलणें आम्ही जमेस धरतों, पण फार मोठी रक्कम म्हणून नव्हे. जो आपल्या मालाचा उपयोग उघड सांगतो तो खोटें बोलत नाहीं एवढेंच सिद्ध होतें.

आणि तो माल होता, हें विसरून चालणार नाहीं. पुष्कळसे शोधक पेटंट घेऊन गप्प बसतात. मॅक्झिम गिऱ्हाइकें शोधीत युरोपच्या राजधान्यांतून तोफ घेऊन फिरला. १८८४ च्या अखेरीस आल्बर्ट व्हिकर्स याच्या साहाय्यानें मॅक्झिम कंपनी निघाली. १८८८ सालीं ती नॉर्डनफेल्टच्या कंपनींत मिळाली आणि १८९७ सालीं सारा कारभार व्हिकर्स घराण्याच्या हातीं गेला. मॅक्झिमचें नांव मात्र पाटीवर राहिलें. इंग्रजांनीं तोफ घेतली, जर्मनांनीं परवाना काढून ती आपल्या कारखान्यांत बनविली, रशियानेंहि तेंच केलें. दक्षिण आफ्रिकेंत १८९९ सालीं युद्ध पेटलें तेव्हां बोअर लोक याच कंपनीच्या बनावटीची ३७ मिलिमीटरची मोठी मॅक्झिम इंग्रजांवर झाडीत होते. हत्याराचा दोष नाहीं, वापरणाऱ्याचा आहे, हें समर्थन नेहमीं पुढें येतें. शोधकाच्या बाबतींत त्यांत कांहीं तथ्य असेल. जो दोन्ही बाजूंच्या दारांशीं जाऊन तेंच हत्यार खपवितो त्या कारखानदाराच्या तोंडीं तें शोभत नाहीं.

यंत्राच्या तोंडापुढें काय घडलें तें आतां सांगितलें पाहिजे. १८९३ सालीं आफ्रिकेंत मॅटाबेले लोकांचें राज्य ऱ्होड्सच्या कंपनीनें मोडलें. शांगानी व बेंबेझी येथें हजारों भालेकरी मूठभर गोऱ्यांवर चालून आले आणि मॅक्झिमच्या टप्प्यांतच आडवे झाले. २ सप्टेंबर १८९८ रोजीं सुदानांत ऑम्डुर्मन येथें एका सकाळींत दहा हजारांहून अधिक सुदानी लोक मेले. किचनेरच्या सैन्यांतील मृतांची संख्या पन्नासाच्याहि आंत होती. तेथें मोठ्या तोफा होत्या, बंदुका होत्या, नदींत लढाऊ आगबोटी होत्या. सारें पाप मॅक्झिमच्या माथीं मारणें इतिहासास धरून होणार नाहीं. तथापि त्या वर्षींच हिलेअर बेलॉकनें ‘द मॉडर्न ट्रॅव्हलर’ या आपल्या उपहासकाव्यांत मॅक्झिमचें नांव घातलें. साम्राज्याच्या विजयाचें रहस्य कोठें आहे हें विनोदी कवीसहि कळून चुकलें होतें, इतकें त्यावरून दिसतें.

आमच्या अधिक जवळची हकीकत तिबेटची आहे. १९०३ सालच्या अखेरीस हिंदुस्थानांतून यंगहझबंडची स्वारी तिबेटांत निघाली. तींत शीख व गुरखा पलटणी होत्या, आणि नॉरफोक रेजिमेंटच्या दोन मॅक्झिम होत्या. ३१ मार्च १९०४ रोजीं गुरू या ठिकाणीं तिबेटी जमाव आणि सैन्य यांची गांठ पडली. तिबेट्यांजवळ तोड्याच्या बंदुका आणि तरवारी होत्या. गळ्यांत लामांनीं दिलेले ताईत होते. थोड्या मिनिटांत सहाशेंहून अधिक लोक पडले. उरलेले पळाले नाहींत, मान खालीं घालून सावकाश चालूं लागले, आणि चालतां चालतांच मारले गेले. तोफेवरच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें घरीं लिहिलें कीं, या कत्तलीचा वीट येऊन मीं मारा थांबविला, वरून हुकूम मात्र होईल तितके टिपण्याचा होता. ज्या बोटाबद्दल आम्हीं वर लिहिलें तें या एका माणसानें उचललें. सर हायरमच्या आत्मचरित्रापेक्षां या लष्करी पत्रांतली एक ओळ आम्हांस अधिक बोलकी वाटते.

काळ्या आणि पिवळ्या माणसांवर वीस वर्षें चाललेला हा प्रयोग १९१४ सालीं युरोपांत परतला. जर्मनांची १९०८ च्या नमुन्याची मशीनगन म्हणजे मॅक्झिमच; इंग्रजांची १९१२ ची व्हिकर्स म्हणजे तिचीच सुधारलेली बहीण; रशियाची १९१० ची तर नांवानेंहि मॅक्झिम. १९१५ च्या मार्चमध्यें न्यूव्ह शापेल येथें मीरत व लाहोर डिव्हिजनच्या हिंदी पलटणी जर्मन मशीनगनांवर चालून गेल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत बगदादच्या वाटेवर टेसिफॉन येथें पुणें डिव्हिजन तुर्कांच्या खंदकांवर आदळली. तींत मराठा पलटणी होत्या, आणि तुर्कांनींहि जर्मनीकडून मॅक्झिम घेतल्या होत्या. चार हजारांवर माणसें तेथें मेलीं वा जखमी झालीं. आमच्या सातारा-रत्नागिरीकडील कित्येक गांवांत अजून एक संगमरवरी पाटी भिंतींत बसविलेली दिसते: या गांवांतून महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकीं इतके परत आले नाहींत. त्यांतला कोण तापानें गेला, कोण उपासानें आणि कोण गोळीनें, तें पाटी सांगत नाहीं. मॅक्झिमचें नांव त्या गावांत कोणीं ऐकलें असेल असें वाटत नाहीं.

१ जुलै १९१६ रोजीं सोम नदीकांठीं एका दिवसांत इंग्रजांचे एकोणीस हजारांवर लोक ठार झाले, त्यांतले पुष्कळ या यंत्रानें. ती लढाई १८ नोव्हेंबरास संपली, आणि सहाच दिवसांनीं, २४ नोव्हेंबरास, शहात्तर वर्षांचा मॅक्झिम लंडन येथें वारला. तोफांच्या आवाजानें त्याचे कान केव्हांच गेले होते.

त्याच्या बाजूनें एक मुद्दा खरोखरच वजनदार आहे. त्यानें काढली नसती तर ही तोफ दुसऱ्या कोणी तरी काढलीच असती. ब्राउनिंगनें धक्क्याऐवजीं दारूच्या वायूवर चालणारी मशीनगन काढली, ती १८९५ सालीं कोल्टच्या कारखान्यांतून बाहेर पडली. फ्रान्सांत हॉचकिसची निघाली. म्हणजे मॅक्झिम नसता तरी दहा-बारा वर्षांत जग तेथेंच येऊन पोंचलें असतें. आम्ही हें मान्य करतों. परंतु या मुद्द्याचा उपयोग त्याचे चाहते एकाच बाजूस करतात, तो आम्हांस मान्य नाहीं. दोष मोजावयाची वेळ आली म्हणजे शोध काळाचा; श्रेय मोजावयाची वेळ आली म्हणजे शोध मॅक्झिमचा! कोणींहि काढलीच असती तर श्रेयहि तितकेंच आटतें. आणि श्रेय पुरतें हवें असेल तर खर्चाची बाजूहि पुरती लिहिली पाहिजे. स्वतः मॅक्झिम श्रेयाच्या बाबतींत किती काटेकोर होता, हें त्याच्या ग्रंथावरून दिसतें. दिव्याचें श्रेय एडिसननें लाटलें, बिनधुराच्या दारूवर भाऊ हडसन हक्क सांगतो, अशा गाऱ्हाण्यांस तेथें बरीच जागा मिळाली आहे. एवढा हिशेबी माणूस दुसऱ्या रकान्याकडे मात्र वळत नाहीं.

लेखक म्हणून तो कंटाळवाणा नाहीं. बालपणचें जंगल, आडदांडपणा, कुस्त्या, लोकांच्या केलेल्या फजित्या या गोष्टी तो रंगवून सांगतो, आणि त्यांत प्रत्येक वेळीं जिंकतो तोच. आपण हरलों, चुकलों, किंवा एखाद्या रात्रीं झोंप आली नाहीं, असें सांगण्याची कला त्यास अवगत नव्हती. म्हणून तीनशेंहून अधिक पानें त्याच्या सहवासांत काढूनहि माणूस हातीं लागत नाहीं. त्याला दया नव्हती असेंहि म्हणवत नाहीं. १९१३ सालीं त्यानें ‘ली हुंग चँग्ज स्क्रॅप-बुक’ हा ग्रंथ संपादिला. चिनी लोकांना मिशनरी किती उपद्रव देतात, त्यांच्या शहाण्या पूर्वजांच्या धर्मावर कसे घाव घालतात, याचा त्यांत त्यास मनापासून राग आलेला आहे. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावर चाललेली उपदेशाची चढाई त्यास दिसली, दुसऱ्याच्या छातीवर चाललेली आपल्या तोफेची दिसली नाहीं. हा विरोध त्याच्या ग्रंथांत कोठेंच मिटत नाहीं, आणि तो त्यास जाणवलाहि नसावा.

त्याच्या इतर उद्योगांत एक विमान होतें. केंटमधील बाल्डविन्स पार्क येथें ३१ जुलै १८९४ रोजीं वाफेच्या दोन एंजिनांचें, साडेतीन टनांच्या घरांतलें धूड त्यानें रुळांवरून पळविलें, आणि तें क्षणभर खरोखरच उचललें गेलें. वर जाऊं नये म्हणून लावलेले कठडेच त्यानें मोडले. उडालेलें यंत्र वळवावें कसें याचा विचार अपुरा राहिला होता, म्हणून तें तेथेंच थांबलें. पुढें त्या खटाटोपाचा खर्च भागविण्यासाठीं त्यानें जत्रेंतलें एक फिरतें विमान काढलें. ब्लॅकपूल येथें तें १९०४ पासून मुलांना फिरवीत आलें आहे. त्याची तोफहि टिकली: व्हिकर्स इंग्रज सैन्यांत १९६८ पर्यंत होती, आणि १९१० च्या नमुन्याच्या रशियन मॅक्झिम २०२२ नंतरच्या युक्रेनमधील युद्धांतहि खंदकांतून बाहेर आल्या.

मॅक्झिमचें अधिक जिवंत चित्र पाहावयाचें तर त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याचें १९३६ सालचें ‘अ जीनियस इन द फॅमिली’ हें पुस्तक पाहावें. बाप युरोपांत गेला आणि त्या संसाराकडे पुन्हां वळला नाहीं. तरी मुलानें कडवटपणा न आणतां त्याच्या घरांतल्या खोड्या, त्याचा धाक आणि त्याचें अफाट कुतूहल लिहून ठेवलें आहे. याच मुलानें १९०९ सालीं बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचें पेटंट घेतलें, हाहि त्या घराण्याचा एक विनोदच म्हणावयाचा. ज्यांना दोन्ही ग्रंथ मिळतील त्यांनीं मुलाचा आधीं वाचावा, मग ‘माय लाइफ’ घ्यावें. त्यांतलीं यंत्राचीं प्रकरणें सावकाश वाचावींत, भांडणाचीं नुसतीं चाळावींत. घरांत मुलांना वाचून दाखवावयाचें असल्यास तोफेचें प्रकरण गाळूं नये. मात्र त्याच बैठकींत चर्चिलच्या ‘द रिव्हर वॉर’ मधलें ऑम्डुर्मनचें वर्णनहि काढून ठेवावें. चर्चिल त्या सकाळीं तेथें हजर होता, आणि लढाईनंतर त्या मैदानावरून तो घोड्यावर बसून गेला होता.